खोकला म्हटलं की भेट रद्द

आई, तू युट्रेख्टला आली होतीस तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता मला फटकारलं होतंस. लहान मुलींना हात लावून तुरुंगात गेलेली माणसं सुटली की त्यांच्यावर देखरेख ठेवायची, हे माझं काम ऐकून तुझा हात थांबला. "असल्या मेल्यांना कसली गं मदत? एवढं डच शिकलीस ते ह्यासाठी?" मी म्हटलं, त्यांना कामधंदा असला, कुणीतरी सारखं समोर बसून विचारणारं असलं, तर पुढची पोर वाचते. "वाचली तर बरंच आहे," म्हणालीस आणि भाजी धुवायला उठलीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आता ह्या कोरोनाने माझे हात बांधलेत. कुणाच्याही घरी जाण्याआधी फोन करून तब्येत विचारायची, असा नियम. खोकला म्हटलं की भेट रद्द, मग व्हिडिओ कॉल. माझ्याकडे एक साठीचा माणूस आहे, बोलायला गोड. लहान मुलांच्या आसपास राहायचं नाही, ही कोर्टाची अट. मी फोन केला की तो खोकतो. कॉलवर दिसतो तो आणि त्याच्या मागची पांढरी भिंत. मी वरिष्ठ बाईंना म्हणते, हा बनवतोय आपल्याला, आणि ही पळवाट आपणच त्याला दाखवली. त्या म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. रागाने नुसता जीव कासावीस होतो गं.

परवा फोन न करताच गेले. इथे लोक दिवसभर पडदे उघडे ठेवतात, त्याचे बंद. बेल वाजवली. दार उघडलं ते चार-पाच वर्षांच्या एका मुलीने, भरदुपारी झोपेच्या कपड्यांत. मागून तिची आई आली, त्याची नवी मैत्रीण. लॉकडाऊन लागल्यापासून दोघी तिथेच राहत होत्या. "तुम्ही कोण?" तिने विचारलं. त्याने तिला तुरुंगाचं, कोर्टाच्या अटीचं काहीच सांगितलं नव्हतं. तो जिन्यात उभा राहून खोकला. मी तिथूनच पोलिसांना फोन केला.

मायलेकी आता मुलीच्या मावशीकडे आहेत. पुढची चौकशी दुसऱ्यांकडे गेली, मला कुणी काही सांगत नाही. वरिष्ठ बाई म्हणाल्या, बरं झालं गेलीस. बरं कसलं डोंबलाचं? तू असतीस तर एवढंच विचारलं असतंस, "वेळेत पोचलीस ना गं?" मला माहीत नाही, आई. एरवी मी सगळ्यांना सांगत असते, आई आज हवी होती. परवापासून मात्र तू नाहीस तेच बरं वाटतंय.