दहा सेंटिमीटर आखूड कठडा

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच मानून घे). तुझी सर्दी आता आटोक्यात असेल. भावोजींची तब्येत विचारत नाही. रागावलेला माणूस ठणठणीत असतो.

आता मूळ तक्रार. गेले आठ दिवस तुझे यजमान वर्कशॉपला फिरकलेले नाहीत. कारण त्यांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून मीच सांगतो. आपलं काम तुला ठाऊकच आहे: गिऱ्हाइकाला हवी तशी एकेकच वस्तू करायची, मापं भावोजी घेणार, ड्रॉइंग मी करणार, वेल्डिंग पुन्हा भावोजी. सगळा घोळ त्यांच्या टेपचा. तिच्या टोकाची पत्र्याची पट्टी तुटून वर्ष झालं. नवी आणून दिली तर म्हणाले, "हीच हाताला बसलीय, नवी कशाला?" तेव्हापासून ते दहाच्या खुणेपासून मोजतात आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करतात. (एकदा विसरले, तर एका शिंप्याचं टेबल दुकानाच्या दाराबाहेर डोकावू लागलं. शिंपी अजून तसाच बसतो. उजेड बरा येतो म्हणतो.)

या खेपेला गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. जिन्यावरून पडल्यापासून बाई वरच्या खोलीत गेलेल्या नाहीत, आणि त्यांची सगळी पुस्तकं वर. त्यांच्यासाठी भिंतीलगत कठडा केला. बसवला, बाई त्याला धरून हळूहळू वर निघाल्या, आणि शेवटच्या पायरीपाशी त्यांचा हात हवेत! कठडा दहा सेंटिमीटर आधीच संपला होता. "इथून पुढे काय, उडी मारू?" बाईंनी विचारलं. मी तिथल्या तिथे भावोजींकडे बोट दाखवलं, टेपचा सगळा इतिहास काढला आणि वर "या वयात जमत नसेल तर तसं सांगा" असंही बोललो. त्यांनी बाईंना हात देऊन खाली आणलं, हत्यारं पिशवीत भरली आणि ते घरी गेले. बाई अजून खालीच आहेत. कठडा नव्याने करायचा, तर जिना वळतो तिथलं त्याचं वळण नीट वेल्ड करणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

तेव्हा तू त्यांची समजूत काढ. चूक कुणाच्याही हातून होते, मी मनात काही ठेवलेलं नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वरचं पत्र परवाच लिहून ठेवलं होतं. काल आवराआवर करताना त्यांचा मापाचा कागद सापडला. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दहा वजा केलेत. तू पुन्हा करू नकोस.' मी कागद उलटलाच नव्हता. ते विसरले असणार असं धरून मी आणखी दहा वजा केले. ताई, त्यांना हे तिथेच कळलं होतं. बाईंसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून त्यांनी ब्रही काढला नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर कागदच फडकावला असता. फार लाज वाटते गं.

ता. क. २ : भावोजी जवळपास असतील तर वरचा ता. क. मोठ्याने वाच. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल. आणि जरा लवकर वाच, पत्र फटीतून आत सरकवून मी दाराबाहेरच उभा आहे.