ढालीची उजवी बाजू

३ नोव्हेंबर, सोमवार

"शुभ्राजी, तुमच्या त्या पुस्तकात पटेल नावाचा कोणी फ्रेंच सरदार सापडतो का बघा ना!" — इति नीरव, आमचे साहेब. सकाळी साडेनऊला! चहासुद्धा झाला नव्हता माझा.

शी! किळस आली आहे मला या ऑफिसची. खाली कपड्यांची दुकानं, वर आम्ही. ते साड्या विकतात, आम्ही खानदान विकतो. आठशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच सरदारांच्या ढालींवर काय काढलेलं असायचं, त्याच्या नोंदी आहेत — एकेका ओळीच्या, जुन्या फ्रेंचमधल्या. आधी ढालीचा रंग, मग तिच्यावरचा प्राणी, मग त्या प्राण्याचे दात, जीभ, शेपूट. ते वाचून अर्थ लावायला मी पुण्यात सात वर्षं डोळे फोडले. आणि आता? मी वाचते, नीरव विकतो. बाथरूमच्या टाइल्स निवडाव्यात तशी गिऱ्हाइकं ढाल निवडतात. "हा गरुड जरा मोठा मिळेल का?" ढालीबरोबर 'हे तुमच्याच घराण्याचं चिन्ह' असा दाखला, आणि दाखल्यावर सही माझी!

सोडून दे, असं रोज स्वतःला सांगते. डोंबल सोडते! जुलैत सुजीतची नोकरी गेली, तेव्हापासून तो माझ्या व्हिसावर आहे. मी राजीनामा दिला की नवरा-बायको दोघांनी भारतात परतायला बॅगा भरायच्या.

४ नोव्हेंबर

पटेलांना गरुड दिला. मोठा. सही केली. हात साबणाने धुतले — खरंच धुतले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे ध्यान आलं होतं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

सोमनाथ शिगवण. गाव गुहागरकडचं. सव्वीस वर्षांपूर्वी मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात एका खोलीत बारा जण राहायचे, हे आल्या आल्या स्वतःच सांगितलं. आता परांची बांधायची स्वतःची कंपनी, दोनशे माणसं हाताखाली. मुलीचं, सोनमचं, लग्न ठरलंय. सासरचे म्हणे सरदार घराण्यातले. त्यांच्या पत्रिकेवर तलवारी-बिलवारी असतात.

"मॅडम, साखरपुड्याला हॉलच्या दारात त्यांचं ते निशाण लागणार. आमच्या बाजूनं काय लावायचं? सत्यनारायणाचा फोटो?" मग, "सिंह बघा आमच्यासाठी. पोरगीला खाली बघायला लागू नये."

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याचा रुबाब! पूर्ण वेळ उजवा हात पँटच्या खिशात. नमस्कार नाही. चहाचा कप डाव्या हाताने. सही डाव्या हाताने — म्हटलं डावखुरा असेल. आणि निघताना पेढ्यांचा बॉक्स माझ्यासमोर धरला, तोही डाव्या हाताने! अहो, लेकीच्या लग्नाचा पेढा! आपल्यात कोणी देतं का असा? इथले अरबसुद्धा डाव्या हाताने खजूर पुढे करत नाहीत. डावखुरी माणसंही पेढ्यापुरता उजवा हात काढतात. या महाशयांना खिशातून हात काढायचेही कष्ट! पैसा आला की असंच होतं.

"डाएटवर आहे," मी म्हणाले. घेतला नाही. त्याचं तोंड पडलं. पडू दे.

नीरवने चार खाल्ले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सापडला! शिगवणांना शोभणारा सिंह सापडला.

एका नोंदीत आहे. निळी ढाल, सोनेरी सिंह, दोन पायांवर उभा. आणि पुढे दोन शब्द — 'मॉर्ने' आणि 'दिफामे'. मॉर्ने म्हणजे दात नाहीत, जीभ नाही, नखं नाहीत. दिफामे म्हणजे शेपूटही नाही. बोडका! शेपूट बेअब्रू केल्याची खूण म्हणून कापत, असंही कुठेतरी वाचलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

शंभर धडधाकट सिंह आहेत त्या पुस्तकात, नखंबिखं असलेले. मी हाच उचलला. मुद्दाम. दाखल्यावर फ्रेंच ओळ जशीच्या तशी लिहिली, एक अक्षर गाळलं नाही. खाली अर्थ — "निळ्या क्षेत्रावर उभा सुवर्णसिंह, सौम्य रूपात." सौम्य! लिहिताना हसू फुटलं. खाली सही ठोकली.

लाव म्हणावं आता दारात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शारजाला कमरुद्दीनभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेले. मुरादाबादचे कारागीर, पितळेवर आमच्या ढाली तेच कोरतात. त्यांनी सिंहाचं तोंड उलट्या बाजूला केलं होतं. मी समजावलं, नोंदीत उजवं म्हणजे आपलं उजवं नाही, ढाल धरणाऱ्याचं उजवं. तो ढालीच्या मागे उभा असतो ना!

"अच्छा," ते म्हणाले, "मतलब पढ़ने से पहले ढाल के पीछे जाके खड़ा होना पड़ेगा."

"बस, वही."

मग कच्च्या चित्रावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसले. "मॅडम, पंजे में नाख़ून नहीं. दुम भी नहीं. आप भूल गईं क्या?"

"किताब में ऐसा ही है."

"किताब में और शेर नहीं थे?" मी फोन काढून टॅक्सी बघू लागले. "पार्टी से नाराज़ हैं क्या?"

मेला म्हातारा! एवढं कसं कळतं यांना? "यल्ला, चलती हूँ भाई, टाइम नहीं है," म्हणून सटकले. टॅक्सीत चिडचिड होत राहिली. त्यांच्यावर की माझ्यावर, कळेना.

१८ नोव्हेंबर

ढाल तयार. नीरव म्हणतो, "वॉव! किती क्लासी, किती क्लीन लुक! पुढच्या सगळ्या सिंहांची नखं काढा." डोकं आपटावंसं वाटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सोनमचा फोन. शिगवणांची मुलगी. दाखल्यावरून नंबर मिळाला. पोरगी इथल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकलेली, फ्रेंच घेतलेलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! परांचीवाल्याच्या मुलीला फ्रेंच येणार नाही, असं मी कशावरून धरून चालले?

"आंटी, आय आस्क्ड माय ओल्ड टीचर. मॉर्ने मीन्स नो टीथ, नो क्लॉज. इज दॅट राइट?"

खोटं बोलता आलं असतं. "राइट," म्हणाले.

"अँड नो टेल?"

"नो टेल."

"ओके. आय टोल्ड पप्पा." फोन बंद.

संपलं. तो नीरवला सांगणार, नीरव मला काढणार. व्हिसा गेला. सुजीत स्वयंपाकघरातून विचारतोय, "कोणाचा फोन?" काय सांगू? एका माणसाने डाव्या हाताने पेढा दिला म्हणून मी त्याच्या लेकीच्या साखरपुड्यात त्याची सगळ्यांसमोर टर उडवायचं ठरवलं? सात वर्षांच्या शिक्षणाचा हा उपयोग केला? नीरव निदान दिवसाढवळ्या खोटं विकतो. मी खरं लिहून त्याच्याआड लपले. शी! आजवर या वहीत सगळ्यांना शी केलं, आज आपलीच पाळी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नीरव : "शिगवण साहेबांनी तुम्हाला साखरपुड्याला बोलावलंय. मस्ट कम म्हणाले. मी नेहमीसारखं ढालीत काही बदल हवा का विचारलं, तर खलास, विषय संपला, हीच हवी म्हणाले."

हीच? मला सगळ्यांसमोर उभं करणार तर. बरोबर आहे त्याचं.

सुजीतला सांगितलं सगळं. त्याने गॅस बंद केला. मग, "जा. माफी माग. बॅगा भरायच्या तर भरू." एवढंच. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर

माफीची वाक्यं पाठ करतेय. सगळी दळभद्री.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हॉलच्या दारात उजवीकडे सासरच्यांच्या तलवारी, डावीकडे माझा बोडका सिंह. मी तोंड उघडायच्या आत शिगवणांनी व्याह्यांसमोरच खिशातला उजवा हात बाहेर काढला. नुसता अंगठा. चारही बोटं मुळापासून नाहीत. "साइटवर गेली, कॅम्पात होतो तेव्हा. आजवर कोणाला दाखवला नाय. व्याह्यांना तर नायच," ते म्हणाले. "पण मॅडम, त्या दिवशी पेढा देताना तुमी वळखलात. बोललात काय नाय, पण पुस्तकातनं बरोबर माझाच सिंह काढलात. नखं नाय तरी उभा. सोनमनं अर्थ सांगितला तेव्हा रडलो मी. मुद्दामच शोधलात ना?"

अंगठा आणि तळवा यांच्यात पेढा धरून त्यांनी तो माझ्यापुढे केला. उजव्या हाताने.

मी "हो" म्हटलं. आणि पेढा खाल्ला.