काशाची वाटी

६ जानेवारी १९८४
थंडी हाडांत शिरली. टाचांना पुन्हा भेगा. संध्याकाळी प्रार्थना, चहा आणि मग या वृद्धाश्रमाचा खरा कार्यक्रम. सोनूबाई काशाची वाटी आणि खोबरेल घेऊन खाटेखाटेवर फिरते, सगळ्यांचे तळवे चोळते. कडावची आहे. भातलावणीत जन्म गेला, हात राठ, पण पायाला लागले की माझ्यासारखी खवट मास्तरीणही गप्प पडते. तळवा काळा झाला की वाटी पालथी करून दाखवते. "बगा बाई, केवडी उष्णता निगाली." एवढं शास्त्र शिकवलं मी शाळेत, पण तिच्याशी वाद घालत नाही. शेजारच्या खाटेवर ती आहे म्हणून इथे दिवस निघतात. माझं दुसरं कोण आहे?

११ जाने.
कोपऱ्यातल्या कुसुमताईंच्या पायाची जखम चिघळली. मधुमेह, त्यात चप्पल चावली. इंजेक्शनं चालू. वास येतो म्हणून सगळ्या तिकडे जायचं टाळतात, मीही. सो. मात्र तिथेच जास्त वेळ बसते. जखमेची कड सोडून हळूहळू चोळते. "येकटी पडलीय वो बिचारी."

१७ जाने.
इंजेक्शन बदललं. ताप हटत नाही. डॉक्टर खालापूरहून स्कूटरवर येतात, आल्या आल्या माझी थट्टा करतात. आज केली नाही. कुसुमताईंचा पू मुंबईला तपासायला पाठवलाय.

२० जाने.
कुसुमताई गेल्या. गादी अंगणात उन्हाला टाकलीय. येता-जाता दिसते, नजर चुकवता येत नाही. पलीकडच्या खाटेवरच्या शांताक्कांच्या टाचेला लाल सूज.

२७ जाने.
मुंबईचं उत्तर आलं. डॉ. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सांगतो. आपल्याकडची सगळी इंजेक्शनं या जंतूने पचवलीत." शांताक्कांना तोच असणार, म्हणे. खाटेवरून खाटेवर जातोय. "सगळ्यांना लागतं असं इथे काय फिरतं?" मी टॉवेल, बादली, भांडी सांगत बसले.
संध्याकाळी सो. शांताक्कांच्या खाटेवरून उठली, वाटी पदराला पुसली आणि माझ्याकडे आली. तेव्हा कळलं. मी पाय पोटाशी घेतले. म्हटलं, आज नको, कणकण आहे.
ती चेहऱ्याकडे बघत राहिली.

२८ जाने.
डॉक्टरांना वाटीचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तरी चहाडी केल्यासारखं...
वाटी सिस्टरच्या कपाटात गेली. सो.ला कारण दिलं, तुझं वय झालं, दमतेस. खरं बोलायची हिंमत कुणाचीच नाही, माझी तर नाहीच. "मी दमती? बाई, तुमी तरी सांगा यांना." मी चष्मा पुसत बसले.

३ फेब्रु.
शांताक्का गेल्या. सो. ओट्यावर बसून होती. म्हणाली, "शेवटाला पाय गार पडले वो तिचे. माजा हात आसता त पडले नसते." मी आत आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. तिला हे कधीही कळता कामा नये. कधीही.

७ फेब्रु.
दिवेलागण झाली की तळव्यांवरून वाटी फिरते. खरंच फिरते. बघते तर कुणी नाही, नुसतं पांघरूण. दोन मोकळ्या खाटांवरच्या चादरी पायथ्याशी सुरकुतलेल्या दिसतात, कुणी पाय सोडून बसल्यासारख्या. सिस्टर म्हणते मांजर असेल. मांजर मी पाहिलेलं नाही.
सो. रिकाम्या हातांनी बसलेली असते. अंगठा तळहातावर गोल गोल फिरवत.

९ फेब्रु.
उजव्या टाचेची भेग ओली आहे. डॉक्टरांनी कापसाने टिपून घेतलं, मुंबईला पाठवतात. "घाबरू नका," म्हणाले. म्हणजे घाबरायचं.
मी विचारलं, सोनूबाईला वाटी कधीच द्यायची नाही का? ती वाळत चाललीय. डॉक्टरांनी कापूस डबीत ठेवला. मग म्हणाले, "ज्या पायाला हा जंतू आधीच लागलाय, त्याचं चोळण्याने आणखी काय बिघडणार? तिच्या हाताला जखम नाही. वाटी उकळायची, हात साबणाने धुवायचे. पण धडधाकट पायांना ती लागायची नाही."
जंतू लागलेले पाय आता आश्रमात उरलेले नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. माझा सोडून. माझा कळेल.

१६ फेब्रु.
डॉ. आले. सिस्टरच्या खोलीत बराच वेळ. माझ्याकडे आलेच नाहीत, स्कूटरचा आवाज तेवढा ऐकला. उद्या बोलू असं कळवलंय. मुंबईहून नवीन इंजेक्शन मिळतं का बघतायत, असं सिस्टर म्हणाली, माझ्याकडे न बघता.
चहानंतर सो. आली. हातात वाटी, उकळून लख्ख झालेली. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला.
"डाक्टर लय भला मानूस. म्हनले, बाकी कुनाचे नाय, फकस्त बाईंचे पाय चोळ. तुमीच शबूद टाकला ना?"
हो म्हटलं.
पाय पुढे केले. भेग सोडून चोळलं तिने, पहिल्यासारखंच, डोळे मिटून. मग वाटी पालथी करून उजेडात धरली. "बगा, केवडी निगाली. आता बरं वाटंल."
बघितलं. पुष्कळ काळं होतं.
म्हटलं, उद्याही ये.