अरमानचा पहिला मासा

५ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार

आजही रिकाम्या हाताने! जुम्याच्या नमाजाआधी सगळी सकाळ इथे ओमानात, अल हैलच्या किनाऱ्यावर ढोपरभर पाण्यात उभा होता अरमान. पँट ओली, तोंड उतरलेलं, बादलीत नुसतं पाणी. बरं झालं! मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा घातली.

आमच्या घरची रीत आहे. मुलगी मागायला आलेल्याने आधी स्वतःच्या हाताने मासा धरून आणायचा, मग तारीख. आमच्या ह्यांनीही आणला होता — रत्नागिरीला भाट्याच्या खाडीतून, माझ्या अब्बांसमोर. आता स्वतः सासरे होणार म्हणून ऐट बघा! "मासा नाही तर निकाहची तारीख नाही!"

अरमान पुण्यात वाढलेला. मासा त्याला ताटातलाच माहीत. आणि म्हणे लग्न करून माझ्या अफशाला थेट कॅनडाला नेणार! एकुलती एक पोर माझी. मिळूच नये त्याला मासा. कधीच मिळू नये.

८ फेब्रुवारी

अल खौदहून ऑफिस सुटल्यावर अरमान आला आणि फोन काढून मलाच शिकवायला बसला! "आंटी, कॅनडात नदीत सालमन असतो, काठावरून धरतात. इथे नवख्यांसाठी लिहिलंय — नवखा जोर लावून लांब गळ टाकतो, मासा मात्र काठालगतच फिरत असतो."

मी म्हटलं, "हो का?" आणि भांडी आपटली. खरं आहे ते. आपल्या समुद्रातही तसंच. पण मी कशाला सांगू?

सालमन म्हणे! आधी इथला एक बोय मासा तरी धरून दाखव, मेल्या.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा काही नाही.

हे आठवडाभर सोहारच्या कारखान्यात. गुरुवारी घरी येतात, समुद्र बघतात तो शुक्रवारी. तरी उस्ताद! चांदाची तारीख बोटांवर मोजून भरती सांगतात — भाट्याच्या खाडीचा हिशोब, वडिलांनी शिकवलेला. तो अल हैलला कसा लागू पडणार? इथे पाणी कितीतरी आधी चढतं. मी रोज शेजारच्या शकीलाबरोबर त्याच वाळूत फिरते, मला दिसत नाही? सासरा-जावई पोचतात तेव्हा ओहोटी लागलेली असते. वर हे ओरडतात, "अजून लांब फेक! मर्दासारखा फेक!"

मी बरी सांगेन! महिनाअखेरीस त्याचे आईवडील पुण्याहून येतायत बोलणी करायला. मासा नाही, तारीख नाही. खलास!

१५ फेब्रुवारी

अफशा दिवसभर फुगलेली. "अम्मी, तू त्याच्या इतकी वाकड्यात का शिरतेस?" मी म्हटलं, तुला माझ्यापासून तोडतोय म्हणून! काहीतरी बोलणार होती. मग उठून आत गेली.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

मजा बघायला थर्मास घेऊन गेले. अरे देवा, काय ते ध्यान! फ्रीजरमधली कोळंबी, तीही सालासकट, गळाला लोंबकळतेय. फेकतोय तर असा की पार इराणला पोचावी. एक ओमानी म्हातारा थांबला, बादलीत डोकावला, हसला — "माफी समक!" मासा नाही! आणि हे त्याच्यासमोर अरमानला म्हणाले, "तुझ्याच्याने काही व्हायचं नाही." पोराने मान खाली घातली.

मला काय झालं कोण जाणे, तिरमिरून उठले. "अहो, तुमची खाडी रत्नागिरीत राहिली! इथलं पाणी केव्हाच उतरलं! आणि तू रे ठोंब्या, उद्या पहाटे फजरच्या नमाजानंतर लगेच ये, पाणी चढत असतं. ताजी कोळंबी आण, सोलून लाव. लाट फुटून पाणी गढूळ होतं ना, तिथेच टाक, पुढे नको. आणि पाण्यात उतरू नकोस, मासे पळतात!"

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या. भाट्याची पोर मी, असं घाणेरडं मासे धरणं बघवलं नाही. दुसरं काही नाही!

२० फेब्रुवारी

मिळाला.

तांबोशी, चांगली हातभर! धावत आला, वाळूच्या पायांनी, माझ्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर. ह्यांनी मिठीच मारली. तारीख ठरणार आता. माझ्याच तोंडाने मी पोर घालवली.

कालवण केलं. हे म्हणाले, "डोकं जावयाला वाढ, मान त्याचा." मी खोटंच म्हटलं, शिजताना फुटलं. झाकून ठेवलं, आणि त्याला शेपटीचा तुकडा वाढला, काट्यांचा. "मस्त झालंय, आंटी," म्हणाला. वेचून वेचून खाल्लान.

२१ फेब्रुवारी

हे सोहारला गेले. अफशा भांडी पुसता पुसता म्हणाली, "अम्मी, कॅनडाला मी चाललेय. शिकायला. अर्ज मी केला होता. अरमानला इथली नोकरी सोडायची नव्हती, माझ्यासाठी सोडतोय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तोच नको म्हणाला. म्हणाला, आंटींना माझ्यावर रागावू दे. तुझ्यावर रागावल्या तर तुला जाववणार नाही."

तांबोशीचं डोकं अजून तसंच झाकलेलं आहे. त्याला जेवायला बोलावलंय.