भाव उतरल्याची बातमी

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. नौदलात शाई मिळत नाही की हात दुखतो, ते एकदा कळव. इथं पेट्रोल सलग नऊ दिवस चढतंय. सकाळी तेल कंपनीच्या डेपोतून फोन आला की मी शिडी लावून पंपाच्या बोर्डावरच्या आकड्यांच्या पाट्या बदलते. बाबा होते तेव्हा हे काम तुझं, आणि खाली शिडी धरून तुला घाबरवायचं काम माझं. परत आलास की शिडी पुन्हा तुझी. माझे गुडघे कुरकुरतात. काल एका टॅक्सीवाल्यानं चिडून विचारलं, की पंप काय बापाचा आहे का. मी हो म्हणाले.

भाव चढला की मी आधी बातम्या लावते. तेल अडलं, म्हणजे तुमच्याकडं काहीतरी पेटलं असणार. स्वस्त झालं की धाकटा सुखरूप, असं मी आईलाही सांगून ठेवलंय. ती दिवसातून दहादा खिडकीतून बोर्ड बघते.

जूनमध्ये तुझी मुदत संपतेय. पुन्हा सही केलीस तर याद राख. आईची माया आणि माझा राग, दोन्ही पोचले असं समज.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हात शाबूत आहे, आळस जुनाच आहे. कुठं आहोत ते लिहायला बंदी आहे, पण तू गणित उलटं मांडून बसली आहेस. भाव चढतो तेव्हा तेलाची जहाजं थांबलेली असतात आणि आम्ही बंदरात पत्ते कुटत असतो. ती निघाली की भाव उतरतो. आणि त्यांच्या पुढं, पाण्यातले सुरुंग शोधत, आमची बोट असते.

टॅक्सीवाल्याला सांग, आमचा खर्च तुझ्या बोर्डावर नसतो. आमची बोट, वरची हेलिकॉप्टरं, सगळं करातून चालतं. म्हणजे तो एकदा पंपावर देतो आणि एकदा नकळत. माणसं तर कुठल्याच पाटीवर लागत नाहीत. गेल्या खेपेला आमचा स्वयंपाकी गेला. बटाटे सोलताना गायचा.

ताई, मला भीती वाटते. आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे, शिव्याही.

तुझा धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा डेपोतून कळलं, भाव एकदम सहा रुपयांनी उतरला. पेट्रोल नव्या भावानं विकलं, पण बोर्डाला हात लावला नाही. तो आकडा लावला की मीच तुला पाण्यात ढकललं, असं वाटत होतं. शेवटी तोच टॅक्सीवाला, मला मदत म्हणून, शिडी चढला आणि पाट्या बदलून मोकळा झाला.

आईनं खिडकीतून बघितलं आणि तशीच अनवाणी खाली आली. धाकटा सुखरूप आहे म्हणून तिनं सगळ्यांना चहा पाजला. मीही हसत हसत प्यायले.

पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून धावते. लिहायला जमत नसेल तर कोरा कागद पाठव, पण पाठव.

वाट बघणारी
ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर नर्सबाईंचं आहे, सांगतोय मी. हात भाजलेत, ते बरे होतील. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. या वेळी सुरुंग आम्हाला वेळेवर दिसला नाही. मागची तेलाची जहाजं मात्र सुखरूप गेली. त्यातलं तेल एव्हाना तुझ्या टाकीत आलंही असेल.

उजवा पाय गुडघ्यापासून गेला. आईला फक्त मी येतोय एवढंच सांग, बाकीचं मी दारात उभा राहून सांगेन. टॅक्सीवाल्यावर रागावू नकोस, त्याला काय माहीत. पुन्हा सही करायचा प्रश्न आता उरला नाही, तेव्हा तुझं ऐकलं असं म्हण.

पाट्या मी खालून हातात देत जाईन. शिडी मात्र तूच चढ.

तुझा
धाकटा