सुरक्षेच्या कारणास्तव आंबील बंद

लातूर, बुधवार

चि. निवृत्ती यास ताईचा भरभरून आशीर्वाद, आणि उज्वलाला दुप्पट (तुला सांभाळायचं काम तिच्याकडं आहे म्हणून). तुझी कंबर कशी आहे? तुरीला शेंगा बऱ्या धरल्यात का? फोनवर तू सगळ्याला 'हाव, हाव' म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून हे पत्र लिहून उदगीरच्या बसच्या कंडक्टरकडं देते आहे. आधी चांगली बातमी: येळवशीच्या रानातल्या पूजेला आंबील येणार. मातीच्या बिंदगीसकट, माझ्या डोक्यावरून, दरवर्षीसारखी. माझा जीव आत्ता कुठं थाऱ्यावर आलाय.

झालं काय ते ऐक. आमच्या बिल्डिंगचे चेअरमन संगप्पा अण्णा तुला आठवत असतील. वास्तुशांतीला तुला कोपऱ्यात गाठून जेवण थंड होईपर्यंत स्वतःच्या निलंग्याकडच्या रानाचं कौतुक ऐकवलं होतं, ते. रिटायर हेडक्लार्क, घरी एकटेच. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते कुठल्याशा आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना गळ्यात शिट्टी घालून आले. तिथून आमची आपत्ती सुरू झाली. दारापुढं रांगोळी बंद, कारण पाय घसरतो. गच्चीवर पापड-कुरडया बंद, कारण चिमण्या येतात, चिमण्यांमागं मांजर येतं, ते कठड्यावरून पडतं, आणि खाली माणूस असू शकतो. संध्याकाळी बाकावर बसणं बंद, कारण वरच्या कडुलिंबाला मधमाश्यांचं पोळं लागू शकतं (अजून लागलेलं नाही, पण लागू शकतं). प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'सुरक्षेच्या कारणास्तव' आणि खाली सही-शिक्का. आम्ही कुरकुर करायचो आणि मानायचो. विरोधात काही बोललं की अण्णा विचारणार, उद्या काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेता का? आणि जबाबदारी म्हटलं की आमच्या घरातून पहिल्यांदा हे उठून आत जातात.

मग पंधरवड्यापूर्वी नवा कागद लागला. आंबवलेले पदार्थ घरात साठवू नयेत, मडके फुटून इजा होण्याचा संभव आहे. मातीच्या भांड्यातून पातळ पदार्थ लिफ्टमधून किंवा जिन्यावरून नेऊ नयेत. सर्व रहिवाशांनी एकाच दिवशी इमारत सोडून जाऊ नये. ही शेवटची ओळ कोणी नीट वाचलीच नाही. वरच्या दोन ओळींनीच सगळ्यांचं डोकं फिरलं होतं.

माझी तर झोप उडाली. हसू नकोस. रान तू कसतोस, पूजेला कडब्याची कोप तू घालतोस, सगळ्या भाज्यांची भज्जी उज्वला करते. आई गेल्यापासून त्या रानात माझं म्हणून काही उरलं असेल तर ती आंबिलीची बिंदगी. ती डोक्यावर घेऊन बांधावरून आले की मी त्या घरची लेक, आणि रिकाम्या हातानं आले की पाहुणी. ते मला सोसलं नसतं.

शेवटी आमच्या सासूबाईंनीच तोड काढली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांची चाकांची खुर्ची घरात आहे. खुर्चीत त्या, मांडीवर मडकं, वरून शाल. आजारी माणसाला अडवायचा नियम अजून निघाला नव्हता. परवा सकाळी लहान मडक्यात आंबील करून आम्ही तालीम करायला निघालो, तर एक मजला खाली लिफ्ट थांबली आणि अण्णाच आत आले. दवाखान्यात का, म्हणून त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पोटात लई गुडगुड करायलंय." (आणि खरंच, शालीखालून तसा आवाज येत होता.) तेवढ्यात लाईट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

अण्णांनी घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजेना. वाजणार कशी? अचानक घंटी वाजल्यास हृदयविकाराच्या रुग्णांना धोका, म्हणून दिवाळीत त्यांनीच तिची वायर काढून ठेवलेली. मग त्यांनी शिट्टी फुंकली. तिचा परिणाम असा, की मजल्या-मजल्यावर धडाधड दारं लागल्याचं आम्हाला ऐकू आलं, कारण त्यांची शिट्टी ऐकली की आपण सापडायला नको म्हणून सगळे आत पळतात. फुंकून फुंकून अण्णांना घाम फुटला, ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले. सासूबाईंनी सरळ शाल बाजूला केली, मडक्यावरची वाटी भरली आणि म्हणाल्या, "घे बाबा संगप्पा, पी. तुला काही झालं तर आळ माझ्यावर येईल."

अण्णांनी मडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आता नियम ऐकावा लागणार, अशी मी तयारीच केली होती. पण त्यांनी वाटी एका दमात रिकामी केली, पुन्हा पुढं केली, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "तीन वरसं झाली बाई आंबील पिऊन."

ते रान राहिलंच नाही रे, निवृत्ती. पोराच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी विकलं आणि इथं कोणाला सांगितलं नाही. आता तूच बघ, येळवशीला आपण कोणाला बोलावतो? ज्याला रान नाही त्याला. रानवाल्याला 'आमच्याकडं या' म्हणणं म्हणजे तुझं रान गेलं का रे, असं तोंडावर विचारणं. अण्णा रानाच्या एवढ्या गप्पा मारायचे, की कोणी त्यांना बोलावलंच नाही. मीसुद्धा नाही. त्या दिवशी वॉचमनदेखील रानात जातो, आणि हा माणूस कोणाला दिसू नये म्हणून दार लावून आत बसतो. "सगळी बिल्डिंग रिकामी होतीय. भ्या वाटतंय," म्हणाले. तेव्हा मला कागदावरची ती शेवटची ओळ आठवली. राग यायला हवा होता, पण रडूच आलं. मी तिथंच सांगून टाकलं, अण्णा, औंदा आमच्या रानात. तेवढ्यात लाईट आली.

खाली उतरल्याबरोबर त्यांनी आंबिलीचा कागद काढला. रांगोळीचाही काढला. मधमाश्यांचा तेवढा राहू दिलाय, माणसाला काहीतरी राहू द्यावं. एकूण सगळं सुखरूप पार पडलं. अण्णांच्या रानाचं मात्र तिकडं कोणाला बोलू नकोस. उज्वलाला सांग, हरभऱ्याची भाजी खुडून ठेव.

तुझी ताई,
सिंधु

ता. क. : अण्णांना एकट्यांना बोलावलं तर कारण सगळ्यांना कळेल. म्हणून नवीन कागद लागलाय : 'सुरक्षेच्या कारणास्तव येळवशीच्या दिवशी संपूर्ण इमारत रिकामी करण्याचा सराव होईल. जमण्याचे सुरक्षित ठिकाण : सिंधुताईंचे रान.' टेम्पो ठरलाय. ज्यांना रान आहे ते आपली पूजा उरकून दुपारी येतील. धरून चाल, चाळीसेक माणूस. कोप मोठी घाल.

आणखी एक : तू म्हणशील, रान कोणाचं ते तरी विचारायचं. हक्कसोडीच्या कागदावर माझी सही घेताना तूच म्हणाला होतास, "ताई, सही निस्ती कागदाला. रान तुझंच हाय." मी तेवढंच बिल्डिंगमध्ये सांगितलं.