फुलांच्या गाडीतून नगरला

राहाता,
रविवार

प्रिय रतनबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी दचकाल, मग बन्सीभाऊंना म्हणाल, "विहीणबाईंचा फोन बिघडला का काय?" फोन चांगला आहे. पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? माझं एक वाक्य होईपर्यंत तुमची तुरीची काढणी, शेजारच्या भीमाबाईची सून आणि पाथर्डीचा बाजार, सगळं होऊन जातं, आणि मग "बरं ठिवते, दूध उतू चाललंय!" म्हणत फोन ठेवता. म्हणून लिहायला बसले. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण स्वतः पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही.

दिवाळीला आला होतात तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "त्या दिशी काय झालं ते मला एकडाव नीट सांगा. मला निम्मं आठवत न्हाई, आन् गावात ज्याची त्याची येगळीच गोष्ट हाय." तुमच्या गावात कुणी म्हणतं, मी तुम्हाला थोबाडीत मारली, कुणी म्हणतं, मी तुम्हाला पळवून नेलं. थोबाडीत मारली नाही, एवढं आधीच सांगते. पळवून नेलं, हे मात्र खरं आहे.

माझ्या गंधारवर आणि तुमच्या सृष्टीवर अक्षता पडल्या आणि बायकांनी गलका केला, "विहिणींची फुगडी! विहिणींची फुगडी!" खरं सांगू? तेव्हा मला तुमची भीती वाटायची. लग्न ठरवायच्या बैठकीत सगळ्यांसमोर तुम्ही मला विचारलं होतंत, "तुमच्याकडं मटन चालत न्हाई म्हनं. मग माझी पोर खाईल काय?" आमचे हे पाण्याचा घोट घेत होते, त्यांना ठसका लागला होता. आणि त्याच बाईचे हात धरून आता गरगर फिरायचं! फिरलो. दोन गिरक्या झाल्या असतील, तुमचे हात सैल पडले. बायका हसल्या, "नवरीची आई हरली!" तुम्हीही हसलात. पण मी तुमच्यासमोरच उभी होते. तुमचा एक हात जबड्यापाशी गेला होता, ओठावर घाम होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. "पित्त झालंय. सकाळपासनं उपाशी हाय," तुम्ही म्हणालात. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी कांदा आणला, कुणी लिंबू.

ते पित्त माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्नाच्या दोन वर्षं आधी माझाही जबडा असाच दुखत होता. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले! पाठ भरून आली तर बाम चोळला. शाळेचा जिना चढताना दम लागला तर म्हटलं, वय झालं. साखर आणि बीपी जुने सोबती, थायरॉईड नंतर आलेलं. त्यात आणखी एकाची भर पडेल, असं मनातही आलं नाही. शेवटी नगरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला झटका येऊन गेलाय." मला वाटायचं, झटका म्हणजे छाती धरून धाडकन खाली पडायचं. तसं दर वेळी नसतं म्हणे. बायकांच्या बाबतीत तर पुष्कळदा ते असंच चोरपावलानं येतं. शिवाय आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पुरुषाच्या छातीत दुखलं की गाडी काढतात, बाईच्या दुखलं की ओवा देतात.

म्हणून मी तुमचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तुम्ही म्हणत होतात, "आधी पंगत बसू द्या, मग बघू." बुंदी कोण वाढणार, याद्या कुणाकडे, आहेराच्या साड्यांची किल्ली कुठे. मी ओढत तुम्हाला बाहेर आणलं. दारात एकच गाडी समोर होती, झेंडूनं मढवलेली. ड्रायव्हर अजिनाथ फेटा बांधून ऐटीत बसलेला. तो म्हणाला, "आवं, ही नवरीची गाडी हाय!" मी म्हटलं, "हीच नवरी समज आणि चल."

बन्सीभाऊ धावत आले, लग्न थांबवतो म्हणाले. तेव्हा तुम्ही खिडकीतून काय ओरडलात, ते अख्ख्या कार्यालयानं ऐकलं: "अक्षता पडल्यात न्हवं? मग मानसं जेवू घाला! माझ्यापायी कोन उपाशी गेला तर बगा!"

पाथर्डीतल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघितली आणि लगेच गोळ्या हातावर ठेवल्या. नगर गाठा म्हणाले. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी सोबत नर्स दिली आणि आपण त्याच गाडीतून निघालो. करंजी घाटात गाड्या बाजूला व्हायच्या, लोक नवरी बघायला वाकायचे, आणि त्यांना दिसायच्या शालू नेसलेल्या आपण दोघी आणि झेंडूच्या माळेशेजारी लटकणारी सलाइनची बाटली! एका टेम्पोवाल्यानं तर हॉर्न वाजवून हात हलवला. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "माझ्या लग्नात बैलगाडी हुती. आता बसले मोटारीत." नर्स हसू दाबत होती.

मग घाट उतरल्यावर तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि म्हणालात, "विहीणबाई, पोरीला संभाळा." मी म्हटलं, "तुमची पोर तुम्हीच सांभाळा. मला माझी शुगर सांभाळायला वेळ पुरत नाही." बोलले खरी, पण रतनबाई, देवाचं नाव घ्यावं तर एकाही देवाचं नाव आठवेना.

बाकी तुम्हाला आठवतंच. वेळेत पोचलो, डॉक्टरांनी हृदयाची बंद नस उघडली. दुसऱ्या दिवशी मुंडावळ्यांचा दोरा हातात घेऊन सृष्टी तुमच्या पाया पडायला आली आणि आयसीयूमधल्या सगळ्या बायकांनी पडल्या पडल्या तिला आशीर्वाद दिले. असं सासरी जाणं कुणाच्या नशिबी आलं असेल? तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, साखरही आहे, चरबीही आहे आणि बीपीची गोळी तुम्ही फक्त चक्कर आल्यावर घेत होतात. डॉक्टरांनी एकेक वाचून दाखवलं तसे तुमचे डोळे मोठे होत गेले. "येवढं समदं माझ्या एकटीच्या अंगात? आन् मला पत्ताच न्हाई!" मी म्हटलं, घाबरू नका, माझ्याही अंगात हेच भाडेकरू आहेत, काढता येत नाहीत, पण धाकात ठेवता येतात.

तेव्हापासून सकाळचा तुमचा फोन म्हणजे माझा दिवस उगवल्याची खूण. "काय भाव फुटला आज?" कांद्याच्या लिलावासारखं विचारता. मी माझी उपाशीपोटीची साखर सांगते, तुम्ही तुमची. भाव पडला की आनंद करणाऱ्या साऱ्या जिल्ह्यात आपण दोघीच असू! तुमचा माझ्यापेक्षा खाली गेला की तुम्ही बन्सीभाऊंना ओरडून सांगता, ते मला ऐकू येतं. मध्यंतरी सृष्टी हसून म्हणाली, "आई, माझ्यापेक्षा तुमच्याशीच तिचं जास्त बोलणं होतं."

आणि भीमाबाईचं कळलं तेव्हा तर मी टाळ्या वाजवल्या. ऊसतोडीहून आल्यापासून ती थकवा थकवा म्हणत होती आणि घरचे तिला आळशी म्हणत होते. तुम्ही तिला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलंत, सोबत आळीतल्या आणखी बायका नेल्यात, आणि निम्म्याजणींना बीपी नाहीतर साखर निघाली. आता सगळ्याजणी सांजच्याला पाझर तलावापर्यंत चालत जातात म्हणे, आणि पुरुष माणसं स्वतः चहा करून पितात. तुम्ही म्हणालात, "चहा गुळमाट करत्यात, पन करत्यात." हे मी शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं, तर त्यांना तुम्हाला बघायचंय!

आता, इतकं सगळं लिहून जे टाळत आले, ते लिहिते. गेला आठवडाभर मी तुमचा फोन उचलला नाही आणि रेंज नव्हती असं कळवलं. रेंज होती, मी नगरला होते. चालताना परत दम लागायला लागला म्हणून तपासलं, तर या वेळी तीन नसा बंद निघाल्या. बायपास करायची आहे, येत्या बुधवारी. सृष्टीला मीच बजावलं होतं, आईला सांगू नकोस, तिचं बीपी वाढेल; तिच्यावर रागावू नका. या वेळी मी चोरपावलं वेळेवर ओळखली, म्हणून डॉक्टर खूश आहेत, सगळं नीट होईल म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण आमच्या घरी आजारी माणसाभोवती सगळे कुजबुजत बोलतात. हे डोळे पुसून हसत आत येतात, गंधार पाय न वाजवता चालतो, आणि त्या शांततेनं मला उगाच मेल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र, पाथर्डीकडे येणाऱ्या माणसाच्या हाती देतेय, म्हणजे उद्याच मिळेल. मंगळवारी सकाळी गंधार तुम्हाला घ्यायला येईल, एसटीनं येते म्हणून हट्ट करू नका. गोळ्यांची पिशवी विसरू नका. ऑपरेशननंतर शुद्धीवर येईन तेव्हा पहिला आवाज मला तुमचा ऐकायचाय. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण हळू बोलू नका.

तुमची वाट बघणारी, तुमचीच
लीना